भूमिगत रेल्वेची घरे : सुटका कुणाची, श्रेय कुणाचे?

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने आपल्या संकेतस्थळावरचे एक पान बदलले. पान होते 'अंडरग्राउंड रेलरोड'चे, म्हणजे गुलामीतून पळून स्वातंत्र्याकडे जाणाऱ्या माणसांच्या गुप्त मार्गांचे. पानाच्या सुरुवातीलाच हॅरिएट टबमन यांचे मोठे छायाचित्र आणि त्यांचे उद्गार होते. ते काढले गेले. त्याजागी टपाल तिकिटांची चित्रे आली आणि काळ्या-गोऱ्यांच्या सहकार्यावर भर देणारा मजकूर आला. 'पळून जाऊन गुलामीचा केलेला प्रतिकार' ही या चळवळीची मूळ ओळख मागे पडली. एप्रिलमध्ये वृत्तपत्रांनी हा बदल उघड केला, जोरदार टीका झाली आणि जुने पान परत आणावे लागले.

एका फोटोवरून एवढे काय, असे कुणी म्हणेल. पण वाद फोटोचा नव्हता. माणसे स्वतःच्या हिमतीने गुलामीतून सुटली, की काही दयाळू माणसांनी त्यांना सोडवले, हा वाद होता. अमेरिकेत हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे घरे, चर्च, नदीकाठ आणि स्मारकाच्या पाट्या यांच्यावरून लढवला जातो आहे. ही स्थळे कोणती आणि त्यांचे मोल कसे ठरते, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

रेल्वे नव्हती, रूळही नव्हते

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसे गुलामीत होती. दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस, तंबाखू, ऊस आणि भाताची शेती त्यांच्या घामावर चालत होती. त्यांना विकता येत होते, गहाण ठेवता येत होते, आईपासून लेकरू तोडता येत होते. त्यांना लिहायला-वाचायला शिकवणे अनेक राज्यांत गुन्हा होता.

उत्तरेकडच्या राज्यांनी टप्प्याटप्प्याने गुलामगिरी बंद केली होती. कॅनडा ब्रिटिश अमलाखाली असल्याने तिथे १८३४ पासून ती कायद्याने संपली होती. पळणारी माणसे त्या दिशेने निघत. रात्री चालायचे, दिवसा जंगलात, दलदलीत किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर दडून बसायचे. त्या काळात आगगाडी नवी होती, म्हणून तिचेच शब्द सांकेतिक भाषेत आले. आसरा देणारे घर म्हणजे 'स्टेशन', वाट दाखवणारा 'कंडक्टर' आणि पळणारी माणसे 'प्रवासी'. या रेल्वेचे कुठे मुख्यालय नव्हते, ठरलेले वेळापत्रक नव्हते. स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या वस्त्या, त्यांची चर्च, बंदरावरचे हमाल, जहाजांवरचे खलाशी, क्वेकर पंथाची आणि इतर काही गोरी कुटुंबे यांनी जमेल तसे विणलेले ते जाळे होते.

त्यात पकडले जाण्याची भीती उत्तरेतही संपत नव्हती. १८५० च्या 'पळपुट्या गुलामां'विषयीच्या कायद्याने पळालेल्या माणसाला देशात कुठेही पकडण्याची मुभा दिली. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती. आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. प्रकरण ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने माणसाला मालकाच्या ताब्यात दिले तर त्याला दहा डॉलर मिळत, सोडून दिले तर पाच. न्यायाची किंमत कायद्यातच लिहून ठेवली होती.

एक शब्दाची गोष्टही सांगायला हवी. आज तिकडचे अभ्यासक 'गुलाम' म्हणण्याऐवजी 'गुलामीत ठेवलेली माणसे' असे म्हणतात. गुलामी हा माणसाचा स्वभाव नाही, ती त्याच्यावर कुणीतरी लादलेली असते, हे त्या शब्दातून कळते. 'अस्पृश्य' हा शब्द ज्यांच्यावर लादला गेला, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एकाच गावातली दोन घरे

ओहायो नदीच्या काठी रिप्ली नावाचे गाव आहे. नदीच्या दक्षिणेला केंटकी राज्य, तिथे गुलामगिरी. उत्तरेला ओहायो, तिथे ती बंद. म्हणून ही नदी ओलांडणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे. या गावात दोन घरे आहेत.

पहिले टेकडीवरचे, जॉन रँकिन या गोऱ्या धर्मोपदेशकाचे. टेकडीवरचे हे घर नदीपलीकडूनही दिसते. रँकिन कुटुंबाने वर्षानुवर्षे पळून आलेल्यांना आसरा दिला, पुढच्या गावापर्यंत पोहोचवले. त्यांच्या धाडसाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. हे घर ओहायो राज्याने १९३८ मध्ये विकत घेऊन जपले.

दुसरे घर खाली नदीकाठी, जॉन पार्कर यांचे. पार्कर स्वतः गुलामीत जन्मले होते. आठव्या वर्षी त्यांना आईपासून तोडून विकले गेले. पुढे ओतकामाच्या कारखान्यात काम करून त्यांनी पैसे साठवले आणि १८४५ मध्ये अठराशे डॉलर मोजून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. नंतर त्यांनी रिप्लीत स्वतःचा लोखंडी ओतकामाचा कारखाना काढला. त्यांच्या नावावर यंत्रांची पेटंटही आहेत. दिवसा ते कारखाना चालवत आणि रात्री होडी घेऊन केंटकीच्या काठावर उतरत, तिथून माणसांना घेऊन परत येत. पकडले गेले असते तर रँकिन यांना दंड आणि कैद झाली असती. पार्कर यांना पुन्हा गुलामीत ढकलले गेले असते, किंवा जिवानिशी जावे लागले असते.

आपण मदत केलेल्या माणसांची नोंद पार्कर एका वहीत ठेवत. १८५० चा कायदा आला तेव्हा त्या वहीत ३१५ जणांची नोंद होती. ती वही त्यांनी स्वतःच्या हाताने भट्टीत टाकली. कुणाच्या हाती लागली असती तर आयुष्यभराची कमाई आणि स्वातंत्र्य दोन्ही गेले असते. १८८० च्या दशकात एका पत्रकाराने त्यांची मुलाखत घेतली. ते हस्तलिखित पुढे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिले आणि १९९६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांच्या घराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा १९९७ मध्ये मिळाला. गाव एक, काम एक, पण दोन घरांच्या मान्यतेत जवळपास साठ वर्षांचे अंतर.

हे अंतर कशामुळे पडले?

याचे उत्तर इतिहास कसा गोळा झाला यात आहे. विल्बर सीबर्ट या प्राध्यापकाने १८९८ मध्ये भूमिगत रेल्वेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने जुन्या कार्यकर्त्यांना, त्यांच्या मुलाबाळांना पत्रे पाठवून आठवणी मागवल्या. ग्रंथाच्या शेवटी मदत करणाऱ्यांची तीन हजारांहून अधिक नावे आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य गोऱ्यांची आहेत. पत्राला उत्तर कोण देऊ शकत होते? ज्यांना लिहिता येत होते, ज्यांचा पत्ता स्थिर होता, ज्यांची घरे पक्की होती आणि ज्यांच्या वारसांकडे कागद शिल्लक होते, ते.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला सांगितले जाई की माहिती गोळा करण्याची पद्धतच अनेकदा निष्कर्ष ठरवून टाकते. इथे तेच झाले. विटा-दगडाची घरे उभी राहिली. भाड्याच्या खोल्या आणि लाकडी खोपटी पडली किंवा पाडली गेली. परिणामी कहाणीत गोरे कुटुंब नायक झाले आणि जिवावर उदार होऊन शेकडो मैल चालणारा माणूस 'प्रवासी' बनून मागच्या बाकावर बसला. १९६१ मध्ये लॅरी गारा या इतिहासकाराने या चित्राला उघड आव्हान दिले. पळून जाण्याचा निर्णय, आखणी आणि प्रवासाचा बराचसा भाग त्या माणसांनी स्वतःच पार पाडला होता, हे त्याने मांडले.

भुयार, गोधडी आणि पुरावा

जिथे कागद नाहीत तिथे दंतकथा वाढतात. अमेरिकेत जुन्या घराचे तळघर दिसले की तिथे पळालेल्यांसाठी भुयार होते असे सांगितले जाते. अंगणात वाळत घातलेल्या गोधड्यांच्या नक्षीतून पळणाऱ्यांना गुप्त खुणा दिल्या जात, ही गोष्टही खूप लोकप्रिय आहे. तिला पुरावा मिळालेला नाही, असे इतिहासकार सांगतात.

खुद्द टबमन यांच्याबाबतही हे घडले. त्यांनी तीनशे माणसांना सोडवले असे वर्षानुवर्षे छापले गेले. कागदपत्रे तपासल्यावर अभ्यासकांनी सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसे असा आकडा मांडला. यामुळे त्या लहान झाल्या का? मुळीच नाही. १८४९ मध्ये स्वतः सुटलेली, लिहिता-वाचता न येणारी, डोक्याला झालेल्या जुन्या इजेमुळे अचानक गुंगी येणारी एक स्त्री तेरा वेळा त्याच नरकात परत गेली. पुढे यादवी युद्धात, जून १८६३ मध्ये कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेत त्यांनी सातशेहून अधिक माणसांच्या सुटकेला वाट दाखवली. फुगवलेला आकडा विरोधकाला खोडता येतो. तपासलेला आकडा खोडता येत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने एक कायदा करून 'नेटवर्क टू फ्रीडम' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात आज ८०० हून अधिक स्थळे, संग्रहालये आणि उपक्रम नोंदलेले आहेत. या कार्यक्रमाचे दोन नियम आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला, नुसती ऐकीव गोष्ट चालत नाही. तोंडी परंपरेला दुसऱ्या पुराव्याची जोड द्यावी लागते. दुसरा, जागेवर इमारत उभी असलीच पाहिजे अशी अट नाही. ज्या शेतावरून माणूस पळाला ते शेत, ज्या घाटावरून त्याने नदी ओलांडली तो घाट, जिथे त्याचा खटला चालला ते न्यायालय, हे सगळे स्थळ म्हणून नोंदवता येते. गरिबांच्या इतिहासाला या नियमाने दार उघडले.

पुरावा शोधला तर सापडतो, याची दोन उदाहरणे. फिलाडेल्फियातले विल्यम स्टिल हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते येणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत लिहून ठेवत. १८५० मध्ये आपल्या कुटुंबाचा शोध घेत एक अनोळखी माणूस त्यांच्या कार्यालयात आला. बोलता बोलता उलगडले की तो त्यांचाच सख्खा भाऊ पीटर होता. ताटातूट झालेली माणसे पुन्हा भेटायची तर नोंदी हव्यात, हे स्टिल यांनी जाणले. त्यांनी त्या नोंदी लपवून जपल्या आणि १८७२ मध्ये ग्रंथरूपात छापल्या. पण त्यांचे स्वतःचे घर कोणते, हे शहर विसरून गेले होते. त्यांची पत्नी लेटिशिया शिवणकाम करत. त्यांच्या कामाची जुन्या वर्तमानपत्रातली एक जाहिरात अभ्यासकांना सापडली आणि तिच्यावरून पत्ता लागला. २०१८ मध्ये ते घर शहराच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आले. पतीच्या थोरवीचा पत्ता पत्नीच्या सुई-दोऱ्याने दिला.

दुसरे उदाहरण मेरिलँड राज्यातले. टबमन यांचे वडील बेन रॉस जंगलात लाकूड तोडण्याच्या कामावर होते. त्यांचे खोपट कुठे होते हे कुणाला माहीत नव्हते. पुरातत्त्वज्ञांनी जमिनीचे जुने कागद वाचले, दलदलीत खोदकाम केले. १८०८ सालचे एक नाणे मिळाले, मग खापरांचे तुकडे, विटा. २०२१ मध्ये जागा निश्चित झाल्याचे जाहीर झाले. लाकूडतोड्याचे खोपट राष्ट्रीय वारसा ठरले.

वाट फक्त उत्तरेला जात नव्हती

स्थळे तपासत गेले की आणखी एक समज गळून पडतो. सगळे उत्तरेलाच पळत होते असे नाही. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली, त्यामुळे टेक्सासमधली माणसे दक्षिणेला नदी ओलांडून जात. त्याहून शंभर वर्षे आधी फ्लोरिडा स्पेनच्या ताब्यात होता. इंग्रजांच्या वसाहतींतून पळून तिथे आलेल्यांनी १७३८ मध्ये सेंट ऑगस्टीनजवळ फोर्ट मोसे ही स्वतःची वस्ती आणि तटबंदी उभी केली. तिथल्या सैनिकी तुकडीचे प्रमुख फ्रान्सिस्को मेनेंदेझ स्वतः गुलामीतून सुटलेले होते. 'रेलरोड' हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

व्हर्जिनियातला फोर्ट मन्रो हा किल्ला तर वेगळाच धडा देतो. ऑगस्ट १६१९ मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत पहिले आफ्रिकी बंदिवान ज्या टोकावर उतरवले गेले, तिथेच पुढे हा किल्ला बांधला गेला. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड हे तिघे होडीने या किल्ल्यावर आले. यादवी युद्ध सुरू झाले होते. दक्षिणेचे सैन्य त्यांना तोफखान्याच्या बांधकामावर राबवत होते. त्यांना परत मागायला माणूस आला तेव्हा सेनापती बेंजामिन बटलर यांनी नकार दिला. त्यांचा युक्तिवाद असा, की तुम्ही यांना मालमत्ता म्हणता आणि ती युद्धासाठी वापरता, तर ती आम्ही जप्त केली. युक्तिवादात माणुसकी नव्हती, माणसाला वस्तूच म्हटले होते. पण दार उघडले. बातमी पसरताच शेकडो, मग हजारो माणसे किल्ल्याकडे चालू लागली. लोक त्याला स्वातंत्र्याचा किल्ला म्हणू लागले. सरकारचे धोरण त्यांच्या पावलांमागून बदलत गेले. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. तिची पायवाट अशा तीन माणसांनी आधीच पाडली होती.

जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेपासून आजपर्यंत

हे सगळे आपल्यापासून फार दूर नाही. ही घटनादुरुस्ती होऊन आठ वर्षे होत नाहीत तोच, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेत गुलामीच्या नाशासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरकही बाबासाहेबांनी बारकाईने मांडला आहे. दोन्ही एकच आहेत असे म्हणण्याची गरज नाही. पण दोन्हीकडे मुक्तीचा इतिहास कोण लिहितो हा प्रश्न एकच आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? १८४८ मध्ये ज्या भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, तो पुण्याच्या भर वस्तीत मोडकळीस आला आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. ही झाली सर्वांना माहीत असलेली जागा. गावोगावच्या वाचनालयांचे, वसतिगृहांचे, पहिल्या बुद्धविहारांचे, बाबासाहेबांच्या सभांच्या मैदानांचे काय?

आज आपले अनेक तरुण लेणी संवर्धनात उतरले आहेत, धम्मलिपी शिकून शिलालेख वाचत आहेत. कार्ले, जुन्नर, कान्हेरीच्या लेखांत सुतार, व्यापारी, भिक्खुणी यांची नावे दोन हजार वर्षे टिकली, कारण ती दगडात कोरली गेली. आपल्या आजी-आजोबांची नावे मात्र साध्या वहीतही नाहीत. वस्तीत काम करताना आम्हाला हे सतत जाणवते. एखादी म्हातारी सत्याग्रहाला गेलेली असते, घरातल्यांनाही ते धड माहीत नसते, आणि तिच्याबरोबर ती साक्षही जाते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्यांनी ते केले नसते तर किती नावे आज पुसली गेली असती, याचा विचार करावा.

म्हणून प्रत्येक युवक मंडळाने आपल्या गावातले किंवा वस्तीतले एक तरी स्थळ हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो. काम असे करता येईल :

• जागेशी संबंधित वडीलधाऱ्यांची मुलाखत मोबाईलवर नोंदवावी. तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे नाव आणि वय सुरुवातीलाच बोलून घ्यावे. नाव जाहीर करण्याची परवानगी विचारावी.

• त्या आठवणीला दुसरा पुरावा शोधावा. सातबारा, ग्रामपंचायतीच्या नोंदी, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, जुने फोटो, लग्नपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, यांपैकी काहीही उपयोगी पडते.

• 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' यांचे जुने अंक चाळावेत. बातम्यांइतकेच जाहिराती, देणगीदारांच्या याद्या आणि सभांचे वृत्तांतही पाहावेत.

• न्यायालयाचे कागद विसरू नयेत. चवदार तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. अशा खटल्यांच्या कागदपत्रांत साध्या माणसांची नावे सापडतात.

• स्त्रियांची नावे स्वतंत्रपणे विचारावीत. 'अमुक यांच्या पत्नी' एवढ्यावर थांबू नये.

• जे सिद्ध झाले ते आणि जे नुसते ऐकले ते, दोन्ही लिहावे, पण वेगवेगळ्या रकान्यात. दंतकथेला इतिहास म्हणू नये.

• एक प्रत वस्तीत, एक जवळच्या ग्रंथालयात आणि एक इंटरनेटवर ठेवावी. एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट एका आदेशाने पुसता येते.

शेवटचा मुद्दा पाटीचा. स्मारकावरची पाटी लिहिताना आपण बहुतेक वेळा उद्घाटकाचे, देणगीदाराचे आणि पदाधिकाऱ्यांचे नाव मोठ्या अक्षरांत कोरतो. रिप्लीतल्या दोन घरांनी शिकवलेली गोष्ट एवढीच आहे की, मदत करणाऱ्याचा मान जरूर राखावा, पण पहिली ओळ त्याची असावी ज्याने पहिले पाऊल टाकले. आपल्या विहाराच्या भिंतीवरची पाटी आजच वाचून पाहावी. तिच्यावर कुणाचे नाव नाही, हे शोधण्यापासून काम सुरू करता येईल.